जाण्याआधी तिथला पाऊस

परदेशप्रवास ठरला की आमच्या सोलापूरकडे पहिली चौकशी होते ती चटणीची. शेंगाची चटणी किती घ्यायची, कडक भाकऱ्यांचा डबा कोणत्या बॅगेत बसवायचा आणि विमानतळावर लसणाच्या वासावरून कुणी अडवणार तर नाही ना, यावर घरोघरी जी चर्चा रंगते तिच्यापुढे व्हिसा, विमा आणि चलन ह्या गोष्टी दुय्यम ठरतात. या तयारीला हसावे असे मला वाटत नाही. परक्या मुलखात दोन-तीन दिवसांतच जिभेला घर आठवू लागते हे मी जाणून आहे. पण ज्या देशात जायचे तिथली जमीन कशी आहे, माणसे घरात कोणती भाषा बोलतात आणि पाहुण्याशी कशी वागतात, हे निघण्यापूर्वीच वाचून, विचारून, नकाशा पुढे घेऊन समजून घेण्याच्या तयारीविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेल्यामुळे या तयारीचा एक क्रम माझ्या मनात पक्का बसला आहे: आधी पाऊस, मग भाषा आणि रीतिरिवाज सगळ्यांत शेवटी. उझबेकिस्तानला जायचे ठरले तेव्हा मी हाच क्रम पाळला.

हा क्रम बहुतेकांना उलटा वाटतो. सहल कंपन्या जी माहितीपुस्तिका देतात तिच्यात रिवाज आधी असतात आणि तेही आज्ञांच्या स्वरूपात: हे करा, ते करू नका, बूट बाहेर काढा, पाव उलटा ठेवू नका. अशी यादी पाठ करून गेलेला माणूस तिथे वावरतो तो परीक्षेला बसल्यासारखा. चूक होऊ नये एवढेच त्याच्या मनात असते. रीत मुळात का पडली असावी याचा थोडा तरी अंदाज असला, म्हणजे ती पाळताना अवघडल्यासारखे होत नाही आणि चुकली तरी सावरून घेता येते. असा अंदाज बहुधा पाण्यापासून येतो.

आमच्याच मुलखाचे पाहा. सोलापूर पर्जन्यछायेत पडते. कोकणात आणि घाटमाथ्यावर मृगापासून धो धो कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईस्तोवर दमलेला असतो आणि आमची खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या, म्हणजे परतीच्या पावसावर असते. तो काळ्या मातीत मुरला की रब्बीची ज्वारी पेरायची. नंतर आभाळातून थेंब पडला नाही तरी मातीत साठलेल्या ओलीवर मालदांडी उभी राहते आणि थंडीत हुरड्याला येते. एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला बाकीचे कितीतरी आपोआप उलगडते. खेड्यांतल्या जुन्या घरांवर कौलारू उतार नसून पांढऱ्या मातीची सपाट माळवदे का, बाजरीपेक्षा ज्वारीचे कौतुक का, भाकरी कडक वाळवून महिनाभर टिकवण्याची कला याच कोरड्या हवेत का साधली, आणि बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची थोरवी सांगताना इथली माणसे त्यांच्या वचनांइतक्याच आदराने त्यांनी खोदवलेल्या तळ्याविषयी का बोलतात, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाऊस न समजता जो संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, येईल त्याला नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि शोभेचे दारूकाम दिसेल, त्याचे डोळेही दिपतील; पण ज्वारी पोटरीत-कणसात आलेली असताना भोवतालच्या खेड्यांतून माणसे गावात उतरण्याची ही वेळ कशी साधली गेली असेल, हा प्रश्न त्याला पडणार नाही.

उझबेकिस्तानचा पाऊस वाचताना मोसमी हवामानात वाढलेल्या माणसाला डोके थोडे फिरवून घ्यावे लागते. तिथे पाऊस आणि हिमवर्षाव होतो तो हिवाळ्यात आणि वसंतात. उन्हाळा जवळजवळ कोरडा ठणठणीत. देशाला समुद्रकिनारा नाही आणि ज्या देशांच्या सीमा त्याला लागतात त्यांनाही महासागराचा किनारा नाही. जगात असे देश दोनच, दुसरा युरोपातला चिमुकला लिश्टेनश्टाइन. देशाचा मोठा भाग किझिलकुम वाळवंटाने आणि कोरड्या माळांनी व्यापलेला. असे असूनही फरगाणा खोरे, समरकंद आणि बुखारा ही नावे हजारो वर्षे फळबागांसाठी प्रसिद्ध आहेत, कारण पूर्वेकडे तिएन-शान आणि पामीरच्या डोंगरांवर बर्फ साठते आणि ते वितळून नद्यांना भर येतो तो नेमका उन्हाळ्यात, शेताला पाण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा. आमच्यासाठी जे काम भीमेवरचे उजनी धरण करते ते तिथे डोंगरावरचा हिवाळा करतो. झरफशान नदी तर समरकंद-बुखाऱ्याच्या शेतांना पाणी देता देता वाळवंटातच संपते, अमू दर्यापर्यंत पोहोचत नाही. नद्यांचा हा नकाशा वहीत काढल्यावर मला त्या देशातली निम्मी शहरे कुठे असायला हवीत हे नावे न वाचताच सांगता आले असते.

पाणी आभाळातून थेट शेतात पडत नाही, कालव्यातून येते, आणि कालवा एकट्याने राखता येत नाही. तिथल्या समाजजीवनाची कितीतरी अंगे या एका वाक्यात सामावली आहेत असे माझे मत झाले आहे. कालव्यांतला गाळ काढणे, शेजाऱ्याचे घर बांधणे, रस्ता दुरुस्त करणे अशा कामांसाठी सगळ्यांनी मिळून बिनमोल राबण्याच्या रीतीला तिथे ‘हशार’ म्हणतात. आपल्याकडे इर्जिक घालण्याची, सावड करण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती परकी वाटणार नाही. गल्लीगल्लीतली ‘महल्ला’ नावाची वस्ती-संस्था, लग्नापासून मयतापर्यंत तिचे असलेले लक्ष, हेही त्याच ओढीचे. अर्थात सगळेच पाण्यावर ढकलणे बरे नव्हे. भूगोलाच्या शिक्षकांना ही खोड असतेच. भाकरीविषयीचा आदर घ्या. तिथली गोल, मधोमध ठसा उमटवलेली तंदुरी भाकरी, जिला ते ‘नॉन’ म्हणतात, सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. ती पालथी ठेवत नाहीत, जमिनीवर पडू देत नाहीत. यात श्रद्धा आहे, पाहुणचार आहे आणि उपाशी काळाच्या आठवणीही असणार. अन्नाला पाय लागला तर चटकन हात जोडणाऱ्या आपल्या लोकांना याचे स्पष्टीकरण मागण्याची खरे तर गरजच नाही.

चहाचे मात्र मला फार गमतीचे वाटले होते आणि त्यावर मी बरेच वाचले. यजमान किटलीतला चहा कपात ओततो, तो परत किटलीत ओततो, असे तीनदा करून मग पाहुण्याला देतो, आणि देतो तोही बिनकानाच्या छोट्या पियाल्यात, अर्धाच. पियाला काठोकाठ भरून दिला तर पाहुण्याने उठायची वेळ झाली असा त्याचा अर्थ घेतला जातो. ज्याला हे ठाऊक नाही असा सोलापूरकर अर्धा कप चहा पाहून यजमानाच्या चिक्कूपणाविषयी कुजबुजणारच, कारण आपल्याकडे बशीत सांडेपर्यंत भरणे हा प्रेमाचा भाग आहे. अर्धा पियाला हातात धरवतो, चहा लवकर निवतो आणि यजमानाला पुन्हा पुन्हा विचारायला, म्हणजे पाहुण्याकडे लक्ष ठेवायला निमित्त मिळते. समरकंद-फरगाणाकडे हिरवा चहा चालतो, ताश्कंदवाल्यांना काळा आवडतो, आणि दोघे एकमेकांच्या चहाला नावे ठेवतात. हे कळल्यावर तर मला तो देश एकदम ओळखीचा वाटू लागला.

समरकंदजवळ एका बागायतदाराच्या घरी आम्ही जेवलो तेव्हा द्राक्षांच्या मांडवाखाली त्या गृहस्थांनी आमच्या शेतीविषयी चौकशी केली. आमच्या जिल्ह्यात मुख्य पीक कालव्याविना, पेरणीनंतरच्या पावसाविना, केवळ मातीतल्या ओलीवर येते, हे दुभाष्याने सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा वदवून घेतले, आणि ओल मातीत किती खोल असते, किती महिने टिकते, उन्हाळ्यात तीच माती कशी दिसते, असे एकामागून एक प्रश्न विचारले. भेगाळलेल्या काळ्या रानाचे वर्णन मी हातवारे करून केले. त्या संध्याकाळी माझ्या वहीतल्या उझबेकिस्तानपेक्षा मंगळवेढ्याच्या माझ्या माहेरच्या रानाची माहिती अधिक कामाला आली.

याच पाण्याची दुसरी बाजूही निघण्यापूर्वी वाचून गेले होते. सोव्हिएत काळात, १९६०च्या दशकापासून, कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर वळवले गेले आणि त्यांच्यावर जगणारा अरल समुद्र आटत गेला. मोयनाक हे एके काळचे बंदर. तिथे आज गंजलेली जहाजे वाळूत उभी आहेत. आम्ही त्या टोकाला गेलो नाही, अंतर फार आहे. पण कमी पावसाच्या जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर ऊस वाढवणाऱ्या आणि साखर कारखान्यांच्या धुराड्यांनी क्षितिज भरून टाकणाऱ्या आम्हा लोकांना ती कथा वाचताना स्वस्थ बसवत नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

भाषेच्या तयारीत सोलापूरकराला एक जन्मजात सवलत मिळालेली असते. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी वळणाची उर्दू अशा चार भाषा एकाच नळावर ऐकू येतात, गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्यात सम्मती वाचली जाते ती कानडीत, आणि तिला अक्षता टाकणाऱ्यांत कानडी न कळणारे असंख्य असतात. त्यामुळे नकाशावर एक देश दिसला म्हणून तिथे एकच भाषा असेल असे आम्ही गृहीत धरत नाही. मी शोधले तेव्हा कळले की राजभाषा उझबेक ही तुर्की कुळातली असली, तरी समरकंद आणि बुखारा या सर्वांत नावाजलेल्या शहरांत कितीतरी घरांत ताजिक, म्हणजे फारसीची बहीण, बोलली जाते, आणि मोठ्या वयाच्या माणसांशी रशियन अजूनही चालते. मग शिकायचे काय? मी अभिवादन, आभार आणि वीसपर्यंतचे आकडे उझबेकमधून शिकले. बिर, इक्की, उच करत स्वयंपाकघरात फिरताना नातीने माझी खूप नक्कल केली. ताजिक आकडे पाचपर्यंतच पाठ केले, आणि समरकंदच्या सियाब बाजारात जर्दाळू विकणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर त्या पाचांनी जे हसू आणले ते उझबेकच्या वीसांनी आणले नव्हते. दोन्ही भाषांत आणि मराठीत सापडणाऱ्या फारसी-अरबी शब्दांच्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत, त्यांत मी भर घालत नाही. अशा याद्यांनी जवळीक वाटते, पण वाक्य एकही बोलता येत नाही.

आकड्यांहून उपयोगी पडली ती लिपी. उझबेक भाषा १९२०च्या दशकापर्यंत अरबी वळणाच्या लिपीत लिहीत, मग काही वर्षे रोमन, १९४० पासून सिरिलिक, आणि स्वतंत्र झाल्यावर १९९३च्या कायद्याने पुन्हा रोमन. म्हणजे पणजोबांचे पत्र, आजोबांचे पुस्तक आणि नातवाची वही या तिन्हींची लिपी वेगळी. घरात आजेसासऱ्यांची मोडीतली कागदपत्रे कपाटात पडून आहेत आणि ती वाचता येणारे कुटुंबात कुणी उरलेले नाही, अशी अवस्था आपल्यापैकी पुष्कळांची आहे. त्यामुळे या बदलांचा अर्थ मला तारखांपलीकडे समजला. सिरिलिक अक्षरे मन लावून बसले तर थोड्याच दिवसांत ओळखू येतात, आणि ती आली की जुन्या इमारतींवरच्या, दुकानांवरच्या पाट्या बोलू लागतात. बरोबरच्या मंडळींना औषधाचे दुकान शोधून देण्याचे काम त्यामुळे माझ्याकडे आले.

या सगळ्या खटाटोपाला आमच्या ह्यांनी मध्येच एकदा अडवले. “सगळे वाचूनच झाले असेल तर जायचे कशाला?” असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. फार वाचलेल्या माणसाला तिथे वाचलेलेच दिसते, न वाचलेले नजरेतून निसटते, शिवाय असा माणूस सहप्रवाशांना कंटाळवाणाही होतो. म्हणून मी एक पथ्य पाळते: माती, पाणी, लिपी, जेवणखाण याविषयी हवे तेवढे वाचायचे, पण प्रसिद्ध वास्तूंची छायाचित्रे पाहायची नाहीत. समरकंदच्या रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांपैकी उलुगबेगचा मदरसा पंधराव्या शतकातला आणि बाकी दोन सतराव्या शतकातले, एवढे मला ठाऊक होते. त्यांचा निळा रंग मी तिथेच पाहिला.

तिकडची माणसे इकडे येताना काय शिकून आली होती, हेही मी वाचून पाहिले. इसवी सन ९७३ मध्ये ख्वारिझममध्ये, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानच्या पश्चिम भागात, जन्मलेला अल-बिरुनी गझनीच्या दरबाराशी बांधला गेल्यावर संस्कृत शिकला, त्याने पतंजलीची योगसूत्रे अरबीत नेली, आणि १०३०च्या सुमारास हिंदविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात या लोकांना समजून घेण्यातल्या अडचणी सांगताना पहिली अडचण भाषेची सांगितली: एका वस्तूला अनेक शब्द, एका शब्दाला अनेक अर्थ, आणि उच्चार असे की परक्याच्या जिभेला वळत नाहीत. तरीही तो शिकला. त्याच्या पुढे पाचशे वर्षांनी आलेला बाबर अंदिजानचा, फरगाणा खोऱ्यातला. त्याने हिंदुस्थानविषयीच्या तक्रारी मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत: इथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, बाजारात चांगली भाकरी नाही, बागांतून वाहते पाणी नाही. आपल्याला राग यावा अशी ही यादी आहे, पण फरगाण्याचे पाणी वाचल्यावर मला ती एका घरओढीने व्याकूळ झालेल्या माणसाची वाटली. त्याच्या यादीतली प्रत्येक वस्तू डोंगरावरच्या बर्फाने दिलेली आहे. आणि याच माणसाने आपल्या पावसाळ्यातल्या हवेची स्तुतीही केली, वर लगेच लिहिले की या दमट हवेत त्यांच्याकडची धनुष्ये बिघडून जातात. पाऊस कसा वाचावा याचा याहून चांगला धडा मी वर्गात कधी देऊ शकले नाही.

सोलापुरातून गेलेल्यांत सर्वांत दूरवर पोहोचले ते डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या मुलांना नेताना मी नेहमी हे आवर्जून सांगत असे की त्यांनी चिनी भाषा तिथे जाऊन, जखमींच्या खाटांमध्ये राहून शिकली आणि नंतर त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. निघण्यापूर्वी भाषेची तयारी करायला त्यांना सवड नव्हती. आमच्यासारख्या हौशी प्रवाशांना ती असते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

फरगाणा खोऱ्यातल्या मार्गीलानला रेशीम पाहायला जाण्यापूर्वी मात्र मी पुस्तकाकडे गेले नाही, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ओळखीच्या विणकराकडे गेले. त्यांचे वाडवडील तेलंगणातून आलेले. आयुष्य आधी हातमागावर, मग टॉवेलच्या यंत्रमागावर गेले. दोरे आधी बांधून, रंगवून मग विणायचे ही तिकडची रीत सांगितल्यावर ते म्हणाले, “पोचमपल्लीला करतेत तसंच की. बाई, तुम्ही एवढं बघून या, बांधणी ताण्याला करतेत का बाण्याला.” ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. कापड कसे उलटून पाहायचे, नक्षीची कड कुठे फिसकटते, ती फिसकटण्यात कारागिराची चूक नसून तीच त्या कापडाची खूण कशी, हे त्यांनी मला एका जुन्या साडीवर दाखवले. पोचमपल्लीत ताणा, बाणा किंवा दोन्ही बांधतात. मार्गीलानला बांधणी फक्त ताण्याला होते, आणि ‘अद्रस’ नावाच्या कापडात ताणा रेशमाचा, बाणा सुताचा असतो. तिथल्या कारखान्यात मी तो प्रश्न दुभाष्याकरवी विचारला तेव्हा बांधणी करणाऱ्या उस्तादांनी मला विक्रीच्या दालनाऐवजी मागे, ताण्यांच्या गुंड्या लटकत होत्या तिथे नेले.

परत आल्यावर अद्रसचा एक तुकडा मी त्या विणकर अण्णांना नेऊन दिला. अण्णांनी तो उलटून पाहिला, बाण्याचा एक धागा ओढून बोटांत चुरगळला, सूत असल्याची खात्री केली आणि विचारले, “मजुरी मीटरवर का दिवसावर?” ते मी विचारले नव्हते. “मागावर पोरं बसतेत का अजून?” याचे उत्तर मात्र देता आले: मी पाहिले तिथे मागावर बहुतेक बायकाच होत्या, बांधणीला आणि रंगाला पुरुष. “आमच्यात उलटं,” अण्णा म्हणाले, “माग गड्याचा, बायका विड्या वळतेत.” उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन अक्का तेच करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“मग सैपाक कोण करतंय तिथं?”

मी सांगितले की लग्नाकार्याचा पुलाव तिथे पुरुषच रांधतात, पहाटे उठून, भल्यामोठ्या कढईत, आणि त्याचा त्यांना फार अभिमान असतो.

“आणि रोजचा?”

“रोजचा बायकाच.”

“हां,” अक्का म्हणाल्या, “तेच म्हटलं.”